रस्ता ओलांडायला किती सेकंद?

जानेवारी आला की दादरच्या चौकात शाळेची मुलं उभी केली जातात. अंगात गणवेश, हातात फलक, डोक्यावर ऊन. रस्ता जपून ओलांडा, मोबाइल बघत चालू नका, घाई करू नका. मुलं मनापासून घोषणा देतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांना तिथं उभं करणाऱ्यांबद्दल. मुंबईच्या रस्त्यांवर जीव गमावणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास पायी चालणारे असतात. उरलेल्यांत बहुतेक दुचाकीवरचे. मोटारीच्या आत बसलेला माणूस या शहरात रस्त्यावर मरतो, पण फार क्वचित. मग जपून वागायचे धडे चालणाऱ्यालाच का? तो तर कुणाला चिरडत नाही.

आधी आकडे बघू. दहा वर्षांपूर्वी मुंबईत वर्षाला पाचशेच्या वर माणसं रस्त्यावर जायची. अलीकडे हा आकडा साडेतीनशेच्या आगेमागे असतो. देशात २०२२ साली १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली, एकट्या महाराष्ट्रात पंधरा हजारांहून अधिक. त्या राशीशेजारी मुंबई लहान दिसते आणि आपलं बरं चाललंय असं अधिकाऱ्यांना वाटू लागतं. मला तसं वाटत नाही. मुंबईचा आकडा कमी असण्याचं मोठं श्रेय वाहतूक कोंडीला आहे. दिवसा लालबागहून दादरकडे गाडी दहा-पंधराच्या वेगानं सरकते. त्या वेगात आरसा तुटतो, बाचाबाची होते, माणूस सहसा वाचतो. घात होतो तो रात्री अकरानंतर आणि पहाटे, रस्ता मोकळा मिळाला की.

टाळेबंदीच्या वर्षानं हे दाखवून दिलं. २०२०मध्ये कित्येक आठवडे रस्ते ओस पडले होते. देशातले अपघात त्या वर्षी १८ टक्क्यांनी घटले, मृत्यू मात्र १३ टक्क्यांनीच. मुंबईतसुद्धा, लोकल बंद, कचेऱ्या बंद, शाळा बंद असलेल्या त्या वर्षात तीनशेहून जास्त माणसं रस्त्यावर गेली. गाड्या कमी झाल्या आणि उरलेल्या बेफाम सुटल्या.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे: सरासरी वेग एक टक्क्यानं वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. ताशी तीसच्या वेगानं धडक बसलेला पादचारी बहुतेक वेळा जगतो. पन्नासच्या पुढे त्याची जगण्याची शक्यता झपाट्यानं घसरते. आता दोन किलोमीटरचं अंतर घ्या. तीसच्या वेगानं चार मिनिटं लागतात, पन्नासच्या वेगानं साधारण अडीच. म्हणजे सगळी धडपड दीड मिनिटासाठी.

दीड मिनिटासाठी आपण उड्डाणपूल बांधले. जे. जे. रुग्णालयाजवळून जाणाऱ्या पुलावर दुचाकींना २०१०पासून बंदी आहे, कारण तिथं दुचाकीस्वारांचे जीव जात होते. रात्री आजही मुलं त्यावर चढतात. लालबागचा पूल २०११मध्ये खुला झाला. गाड्या वरून गेल्या म्हणजे खालचा रस्ता चालणाऱ्यांना मोकळा मिळेल, अशी आशा होती. खाली गाड्याच भरल्या, आणि पुलावरून सुसाट उतरणारी गाडी शेवटच्या उतारावर थेट सिग्नलच्या गर्दीत येते. एप्रिल २०२४मध्ये परळच्या पुलावर सकाळच्या वेळी एक दुचाकी डंपरला धडकली. दुचाकीवरचे तिघंही गेले. तिघंजण एका गाडीवर होते हे चूकच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण चुकीची शिक्षा मृत्यू असावी असा रस्ता आपण का बांधतो, हा प्रश्न त्यानंतरही उरतो.

लालबागकडे वळू, कारण लालबागनं दोन वर्षांत दोन घाव सोसले.

१ सप्टेंबर २०२४, रविवार. गणपती सहा दिवसांवर. सजावटीच्या सामानासाठी, मखरासाठी, कंठ्यांसाठी अख्खी मुंबई लालबागच्या बाजारात उतरते तो रविवार. रात्रीची वेळ, गणेश टॉकीजचा परिसर. ६६ क्रमांकाच्या बेस्ट बसमध्ये एका दारू प्यायलेल्या प्रवाशानं चालकाशी भांडण काढलं आणि त्याच्या हातातलं स्टिअरिंग धरून ओढलं. बस पादचाऱ्यांवर, दुचाकींवर, मोटारींवर गेली. नऊ जण जखमी झाले, त्यातली एक तरुण मुलगी वाचली नाही. त्या प्रवाशाला पकडलं, गुन्हा दाखल झाला, ते व्हायलाच हवं होतं. पण पुढचे प्रश्न कुणी लावून धरले? भरल्या बसमध्ये चालकापर्यंत कुणाचाही हात पोहोचतोच कसा? आणि ज्या आठवड्यात लाखो माणसं पायी येणार हे दरवर्षी ठाऊक असतं, त्या आठवड्यात संध्याकाळी बाजारासमोरचा रस्ता गाड्यांसाठी बंद का होत नाही? विसर्जनाच्या दिवशी आपण अर्धी मुंबई वळवतो. त्याचं नियोजन वाहतूक पोलीस उत्तम करतात, मी दरवर्षी बघतो. हेच कौशल्य आधीच्या दोन रविवारी वापरा.

दुसरा घाव २०२५चा. अनंत चतुर्दशीच्या पहाटे, लालबागच्या राजाच्या मंडपाबाहेर रस्त्याकडेला झोपलेल्या दोन भावंडांना एका गाडीनं चिरडलं. दोन वर्षांची मुलगी गेली, तिचा थोरला भाऊ जखमी झाला. गाडीवाला थांबला नाही. तिथं त्या क्षणी किती पोलीस होते, किती स्वयंसेवक, किती कॅमेरे! राजाच्या रांगेत चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून मंडळ आणि पोलीस जेवढा विचार करतात तो थोर आहे. फुटपाथवर झोपणाऱ्या लेकराचा त्यात समावेश व्हावा, एवढंच मागणं. लालबाग हा कष्टकऱ्यांचा भाग. इथल्या उत्सवात फुगे, शिट्ट्या, फुलं विकणारं कुटुंब पाहुणं असतं. त्याला रात्री टेकायला चार बॅरिकेड्सच्या आतली जागा देता येते.

त्याआधीची वरळी आठवा. ७ जुलै २०२४ची पहाट, अॅनी बेझंट रोड. वरळी कोळीवाड्यातलं एक जोडपं ससून डॉकवरून मासळी घेऊन स्कूटरवरून घरी येत होतं. मागून बीएमडब्ल्यू आली. पती बाजूला फेकला गेला, पत्नी गाडीबरोबर दीडेक किलोमीटर फरफटत गेली आणि मेली. त्या प्रकरणात बडं घराणं होतं म्हणून महाराष्ट्रभर गाजलं. पण पळून जाणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या बातम्या आतल्या पानावर तीन ओळींत संपतात.

पळून जाणाऱ्यांसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२)मध्ये दहा वर्षांपर्यंतची कैद लिहिली आहे. १ जुलै २०२४ला संहिता लागू झाली, हे उपकलम मात्र बाजूला ठेवलं गेलं, कारण त्या वर्षीच्या जानेवारीत ट्रकचालकांनी संप केला होता. मी दहा वर्षांसाठी हट्ट धरणार नाही. शिक्षा मोठी असून उपयोग नसतो, गाडी सापडण्याची खात्री मोठी असावी लागते. चौकाचौकांत कॅमेरे लावलेल्या शहरात चिरडून गेलेली गाडी सापडत नसेल, तर त्या कॅमेऱ्यांकडून चलानापलीकडे आणखी काम करून घ्या.

एक गोष्ट इथंच सांगतो, कारण चाळीत, झोपडीत, फुटपाथवर ती पोहोचलेली नाही. गाडी सापडली नाही तरी भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२पासून केंद्राची योजना आहे: मृत्यू झाला तर वारसांना २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये. आधी ही रक्कम २५ हजार आणि साडेबारा हजार होती. अर्ज महसूल खात्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदाराकडे करायचा. मुंबई शहरात सुरुवात फोर्टच्या ओल्ड कस्टम हाऊसमधल्या जिल्हाधिकारी कार्यालयात करा. वकील लागत नाही. एफआयआरची प्रत, शवविच्छेदनाचा किंवा जखमेचा अहवाल, ओळखपत्र आणि बँकेचं पासबुक जवळ ठेवा. आणखी एक. जखमीला उचलून रुग्णालयात नेणाऱ्यावर पोलीस नाव-पत्ता देण्याची सक्ती करू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ अ त्याला संरक्षण देतं. मे २०२५पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचारांची योजनाही आहे. तेव्हा उचला आणि न्या. बघ्यांच्या कड्यात उभं राहून व्हिडिओ काढू नका.

आता परळ. मला सगळ्यांत जास्त राग येतो तो इथं.

केईएम १९२६चं. वाडिया बाल रुग्णालय १९२९चं. टाटा १९४१चं. चालत काही मिनिटांच्या अंतरात देशातली एवढी मोठी रुग्णालयं एकमेकांना लागून आहेत. शंभर वर्षं होत आली, या परिसरात रोज आजारी माणसं पायी येतात. कुणी रत्नागिरीहून, कुणी यवतमाळहून, कुणी बिहार-बंगालहून. छातीशी रिपोर्टांची पिशवी, एका हातानं सलाइन लावलेल्या माणसाचा दंड धरलेला. परळ स्टेशनातून उतरायचं, दामोदर हॉलकडून यायचं, नाहीतर आंबेडकर रोडवर बसमधून उतरायचं आणि रस्ता ओलांडायचा. टाटासमोर जेरबाई वाडिया रोडच्या कडेला तर कुटुंबंच्या कुटुंबं राहतात, उपचार संपेपर्यंत. त्यांचं सगळं जगणं रस्त्याच्या काठावर.

या माणसांना रस्ता ओलांडायला किती वेळ देतो आपण?

हिशेब करू. सिग्नलची वेळ ठरवताना धडधाकट माणसाचा चालण्याचा वेग सेकंदाला साधारण १.२ मीटर धरतात. रस्ता २४ मीटर रुंद असेल तर त्याला २० सेकंद हवेत. केमो घेऊन आलेली बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा, मुलाला कडेवर घेतलेली आई फार तर ०.८ मीटरनं चालतात. त्यांना ३० सेकंद लागतात. पहिले चार-पाच सेकंद तर लाल दिवा तोडणाऱ्या दुचाकी संपायची वाट बघण्यात जातात. म्हणजे ३५ हवेत. परळच्या सिग्नलवर घड्याळ घेऊन उभे राहा आणि चालणाऱ्याच्या वाट्याला किती येतात ते बघा. अर्ध्यावर हिरवा माणूस लुकलुकायला लागतो, गाड्या क्लच सोडतात, हॉर्न सुरू होतात. म्हातारी दीड फुटाच्या डिव्हायडरला धरून उभी राहते. पुढून बस, मागून ट्रक. हवालदार ओरडतो, “मावशी, थांबा तिथंच!” तो बिचारा तिला वाचवायलाच ओरडतो. पण मावशीनं तिथं थांबायची वेळ आणली कुणी?

याच्यावरचा उपाय म्हणून पादचारी पूल सुचवले जातात. मला ती सूचना ऐकली की संताप येतो. कर्करोगाच्या रुग्णाला चाळीस-पन्नास पायऱ्या चढायला लावायच्या, कारण मोटारीला अर्धा मिनिट थांबवायचं नाही? पूल रेल्वेवर हवा, कारण गाडी थांबू शकत नाही. रस्त्यावर मोटार थांबू शकते. तिला ब्रेक असतो. आणि पूल अरुंद, गर्दीचा, दुर्लक्षित राहिला तर काय होतं ते याच परळला २९ सप्टेंबर २०१७ला कळलं आहे. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं गुदमरून, चेंगरून गेली.

परळच्या रुग्णालयांभोवतीच्या रस्त्यांवर वेग ताशी ३०च्या आत हवा, दिवसा आणि रात्रीही. फाटकांसमोर झेब्रा क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला आणा, म्हणजे गाडीला चढून उतरावं लागेल आणि व्हीलचेअरला उतरावं लागणार नाही. याला ना परदेशी सल्लागार लागतो ना हजार कोटी. गतिरोधक बांधणारा मुकादम आणि सहीचा एक कागद पुरतो.

गिरणगावातले आमचे जुने लोक सांगतात, पाळी सुटली की गिरणीतून माणसांचा लोंढा रस्त्यावर यायचा आणि गाड्या आपसूक थांबायच्या. रस्त्याच्या मधोमध ट्राम. ती सावकाश यायची, माणूस चालत्या ट्रामलाही लटकायचा. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला बोरीबंदरहून दादरला आली. गिरण्या १९८२च्या संपानंतर मावळल्या. त्या जागी टॉवर आले, प्रत्येक टॉवरच्या पोटात सात-सात, आठ-आठ मजले पार्किंग आलं. गिरणगावात चालणारी माणसं अजूनही भरपूर आहेत. पण रस्ता त्यांच्या हातातून गेला. चिंचपोकळीला, करी रोडला लोकलमधून उतरून लोअर परळच्या कचेऱ्यांकडे सकाळी चालत निघालेली गर्दी बघा. फुटपाथ दोन माणसांचा, माणसं दोनशे. ती रस्त्यावर उतरणारच. त्यांना बेशिस्त म्हणू नका.

फुटपाथबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १४ मे २०२५ला निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं: अडथळ्याविना फुटपाथवरून चालता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. दादरला हे कुणी सांगायचं? रानडे रोड, डिसिल्वा रोड, स्टेशनसमोरची सेनापती बापट मार्गाची बाजू, सगळीकडे चालणारा रस्त्यावर आणि फुटपाथ इतरांच्या ताब्यात. लगेच सगळे फेरीवाल्याकडे बोट दाखवतात. मी नाही दाखवणार, निदान एकट्या त्याच्याकडे नाही. भाजीची टोपली दोन फूट जागा घेते, फुटपाथवर चढवलेली बुलेट सहा. दुकानदाराची पायरी आहे, केबलवाल्याचा डबा आहे, इमारतीच्या पुनर्विकासाचे पत्रे आहेत, मंडळांचे मंडप आहेत. हॉकर झोनची रेघ एकदाची आखा, ती पाळा, आणि उरलेला फुटपाथ सलग ठेवा. दर दहा पावलांवर वाहनांच्या फाटकासाठी उतार आणि पुन्हा चढ असला की म्हातारी माणसं फुटपाथ सोडतात आणि सरळ रस्त्यावरून चालतात. त्यांना सरळ जागा हवी असते.

याच दादर-माहीमच्या सिग्नलवर २०२०च्या ऑगस्टमध्ये पालिकेनं पुरुषाच्या आकृतीच्या जागी स्त्रीची आकृती लावली. मला ते आवडलं होतं, आजही आवडतं. आता त्या आकृतीला रस्त्याच्या पलीकडे पोहोचेपर्यंत हिरवं राहू द्या.

गिरगावची गोष्ट वेगळी आणि सध्या सगळ्यांत निकडीची. मेट्रो ३च्या कामामुळे जगन्नाथ शंकरशेठ रस्ता वर्षानुवर्षं पत्र्यांआड होता. गिरगावकरांनी धूळ खाल्ली, हादरे सोसले, काहींनी घरं सोडली. ऑक्टोबर २०२५मध्ये मेट्रो सुरू झाली, पत्रे निघू लागले. आता हा रस्ता पुन्हा आखायचा आहे, आणि अशी संधी गिरगावला पन्नास वर्षांत पुन्हा येणार नाही. वाड्यांची तोंडं थेट रस्त्यावर उघडतात. खोताची वाडी असो की फणसवाडी, मूल बॉलमागे धावत वाडीबाहेर येतं ते चाकासमोरच. स्टेशनातून वर आलेला माणूस पहिली गोष्ट कोणती करतो? रस्ता ओलांडतो. मग क्रॉसिंग स्टेशनच्या तोंडासमोरच हवं, पुढच्या सिग्नलवर नव्हे. तो रस्ता रुंद आणि गुळगुळीत करून मोटारींना मोकळा दिला, तर गिरगावकरांनी सोसलेल्या सगळ्या त्रासाचा फायदा भुलेश्वरहून ऑपेरा हाऊसला वेगात निघणाऱ्यांना होईल.

गुळगुळीतपणाचा मुद्दा सगळ्या मुंबईला लागू आहे. जानेवारी २०२३मध्ये सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचं भूमिपूजन झालं, खर्च सहा हजार कोटींच्या वर. खड्डे जावेत ही आपलीच मागणी होती आणि ती रास्त होती. खड्ड्यात पडून मेलेल्यांच्या वारसांना सहा लाख रुपये द्या, असं मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५मध्ये पालिका आणि यंत्रणांना बजावलं, तेही योग्यच. पण खड्डा गेला की वेग येतो. काँक्रीटच्या गल्लीत रात्री मुलं दुचाकी साठ-सत्तरनं काढतात. रस्ता काँक्रीटचा करण्याच्या कंत्राटातच उंच क्रॉसिंग, अरुंद केलेली वळणं, शाळेसमोरचे उंचवटे लिहिलेले असले पाहिजेत. नंतर कुणी मेल्यावर गतिरोधक टाकण्याची पद्धत बंद करा.

कुणी मेल्यावर, हे मी उगाच म्हणत नाही. सरकारी व्याख्येत धोक्याची जागा, म्हणजे ब्लॅक स्पॉट, ठरायला पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा जीवघेणे अपघात व्हावे लागतात, नाहीतर दहा मृत्यू. ही व्याख्या महामार्गासाठी ठीक असेल. चाळींच्या वस्तीत ती मला मंजूर नाही. लालबागच्या भारतमाता सिनेमाच्या सिग्नलवर रोज किती जण थोडक्यात वाचतात ते तिथला चहावाला सांगेल, पेपरवाला सांगेल. त्यांना विचारून यादी करा. दहाव्या माणसाची वाट बघू नका.

दुचाकीबद्दल बोलल्याशिवाय हे पुरं होणार नाही. मुंबईत नोंद झालेली वाहनं ४५ लाखांच्या पुढे गेली, त्यांत निम्म्याहून जास्त दुचाकी. पोरांना वेगाचं वेड आहे म्हणून हे झालं, असं मानणं सोपं आहे. पण परळच्या खोलीतून वसई-विरारला, कल्याणला फेकलेल्या किंवा इथंच राहून रात्रपाळी करणाऱ्या मुलाला रात्री बारा वाजता बस मिळत नाही, तेव्हा तो हप्त्यावर बाइक घेतो. बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांहून जास्त बस होत्या. आता तीन हजारसुद्धा नाहीत, आणि बहुतेक भाडेतत्त्वावरच्या. ९ मे २०२५पासून किमान भाडं पाचाचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा. डिसेंबर २०२४मध्ये कुर्ल्यात भाडेतत्त्वावरच्या बसनं किमान सात जणांचे जीव घेतले, तेव्हा चालकाला त्या मोठ्या इलेक्ट्रिक बसचा पुरेसा सराव नव्हता असं तपासात पुढं आलं. बस हे शहरातलं सगळ्यांत सुरक्षित वाहन. ती कमी केली, महाग केली, अर्धवट शिकवलेल्या हातात दिली, की माणसं दुचाकीवर जातात आणि दुचाकीवर मरतात. बेस्टचा तोटा मोजताना हे मृत्यूही त्याच वहीत मांडा.

पोरांनाही सांगायचं ते सांगतो. हेल्मेट कोपरात अडकवून फिरू नका. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे, मुंबईत जून २०२२पासून. दहीहंडीला एका बाइकवर तिघं-चौघं, झेंडा आणि हॉर्न, हा पराक्रम नाही. केईएमच्या अपघात विभागात त्या रात्री काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ते डोक्याच्या जखमांबद्दल काय सांगतात ते ऐका. आणि दहा मिनिटांत किराणा मागवणाऱ्यांनो, तो डबा घेऊन राँग साइडनं येणारा मुलगा तुमच्या दहा मिनिटांसाठी येतो. पंचवीस मिनिटांत आलेलं दूधही तितकंच ताजं असतं.

काही चांगलं घडलंच नाही असं नाही. नागपाड्याच्या मिर्झा गालिब चौकात पालिकेनं रंग, बॅरिकेड आणि कुंड्यांच्या आधारे तात्पुरता नवा आराखडा करून पाहिला: गाड्यांचा पट्टा आटोक्यात, चालणाऱ्याला जास्त जागा, ओलांडायचं अंतर कमी. एवढ्या स्वस्तात प्रयोग होतो. तो चुकला तर सकाळी बॅरिकेड उचलता येतं. हा प्रयोग हिंदमाताला, भारतमाताला, खोदादाद सर्कलला, ठाकूरद्वारला का पोहोचू नये? फिनलंडच्या हेलसिंकीत जुलै २०२४ ते जुलै २०२५ या वर्षभरात रस्त्यावर एकही माणूस मेला नाही. तिथली माणसं जन्मजात शिस्तीची आहेत म्हणून नव्हे. तिथं निम्म्याहून अधिक रस्त्यांवर तीसची मर्यादा आहे, आणि ती पाळावीच लागेल अशा आकाराचे रस्ते आहेत.

रस्ता बांधणाऱ्यावरही कायद्यानं जबाबदारी आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९८ अ म्हणतं की आखणीचे, बांधकामाचे, देखभालीचे ठरलेले निकष न पाळल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित अधिकारी, कंत्राटदार किंवा सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम लावा, असं पोलीस ठाण्यात कुणी तरी लेखी मागितलं पाहिजे. मृताच्या घरच्यांना त्या दिवसांत ते सुचणार नाही. शेजाऱ्यांनी, मंडळानं मागावं. वर्गणी गोळा करणारी, रक्तदान शिबिरं भरवणारी लालबाग-परळची मंडळं हे काम सहज करू शकतात, त्यांच्याएवढी माणसं आणि ओळखी कुणाकडेच नाहीत.

तोवर एक काम वाचकांनी करावं. तुमच्या रोजच्या सिग्नलवर मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. चालणाऱ्याचा हिरवा दिवा किती सेकंद राहतो ते मोजा. मग घरातल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाला रस्ता संपेपर्यंत किती सेकंद लागतात ते, कुठल्या तरी मोकळ्या वेळी, हात धरून मोजा. दोन्ही आकडे, चौकाचं नाव, तारीख आणि वेळ एका कागदावर लिहा. परळ-लालबागकरांनी एफ दक्षिण, दादर पश्चिमच्या लोकांनी जी उत्तर, गिरगावकरांनी डी विभागाच्या सहायक आयुक्तांना तो द्यावा, पोच घ्यावी, आणि दुसरी प्रत वरळीला वाहतूक पोलिसांच्या मुख्यालयात टाकावी. एका चौकातून अशी पन्नास पत्रं गेली तर वेळ वाढवावीच लागेल. मंडळाच्या बैठकीत हा विषय येत्या रविवारीच घ्या.